केमोथेरपीनंतरचे विस्मरण आणि ॲक्युपंक्चर: उपचाराचा योग्य क्रम

स्तनाच्या कर्करोगाची केमोथेरपी संपल्यावर ओळखीच्या माणसाचे नाव ओठावर येऊनही आठवत नाही, वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते, गॅसवर ठेवलेले दूध उतू जाते, आणि फोनवर बोलता बोलता हातातले काम करणे पूर्वीसारखे जमत नाही, अशी तक्रार अनेक महिला करतात. त्यावर ॲक्युपंक्चर (शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याचा उपचार) करून पाहण्याचा सल्ला कोणीतरी देते, आणि बहुतेकींचा क्रम इथेच उलटा होतो. आधी दहा-बारा बैठका होतात आणि बरेच पैसे खर्च होतात. मग लक्षात येते की थायरॉईड तपासलेलेच नव्हते, किंवा उपचारापूर्वी अडचण नेमकी किती होती याची नोंदच नसल्यामुळे फरक पडला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. ज्यांनी स्वतःसाठी किंवा घरातल्या रुग्णासाठी हा उपचार घ्यायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी पुढील टप्पे ज्या क्रमाने पार पाडायला हवेत त्या क्रमाने दिले आहेत.

## अपेक्षा किती ठेवावी

या विषयावरील अभ्यास थोडे आणि लहान आहेत. हाँगकाँगमधील ९३ रुग्णांवरील एक चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात एका गटाला आठ आठवडे डोक्यावर विद्युत ॲक्युपंक्चर (सुयांना सौम्य वीजप्रवाह जोडून) व शरीरावर ॲक्युपंक्चर, तर दुसऱ्या गटाला तुलनेसाठी नाममात्र सुया देण्यात आल्या. स्मरणशक्ती व विचारक्षमता तपासणाऱ्या मॉन्ट्रियल चाचणीच्या एकूण गुणांत दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. ऐकलेले आकडे लक्षात ठेवून परत सांगण्याच्या चाचणीत मात्र खऱ्या उपचाराचा गट पुढे राहिला. त्याच वर्षी अमेरिकेत, कर्करोगानंतर निद्रानाश असलेल्या व्यक्तींवरील एका चाचणीचे पुन्हा विश्लेषण झाले. त्यात ॲक्युपंक्चर घेणाऱ्यांचे लक्ष, नवे शिकणे आणि कार्यकारी स्मृती (माहिती थोडा वेळ मनात धरून वापरण्याची क्षमता) सुधारलेली आढळली, परंतु तुलनेच्या गटाला निद्रानाशासाठीची, सवयी व विचार बदलणारी वर्तनोपचार पद्धती दिलेली होती, म्हणजे काहीच उपचार न घेणारा गट तिथे नव्हता. केमोथेरपीनंतर काही महिन्यांत अनेकींची स्थिती आपोआपही सुधारते, त्यामुळे अशा निष्कर्षांकडे सावधपणे पाहावे लागते.

यावरून मला योग्य वाटणारी भूमिका अशी आहे: योग्य रुग्णाने, योग्य वेळी, मर्यादित मुदतीसाठी आणि मोजमाप ठेवून हा पूरक उपचार करून पाहण्यास हरकत नाही. निदान, व्यायाम, झोप आणि हार्मोनच्या गोळ्या यांपैकी कशाचीही जागा तो घेऊ शकत नाही. 'खात्रीने बरे करू' असे सांगणाऱ्याकडे जाऊ नये.

## टप्पा १: धोक्याची लक्षणे आहेत का, हे प्रथम पाहणे

केमोथेरपीनंतरच्या विस्मरणाचे स्वरूप साधारणतः सौम्य असते. विचारांचा वेग मंदावतो, लक्ष टिकत नाही, शब्द सापडत नाहीत, पण व्यक्ती रोजचे व्यवहार करू शकते आणि आपली अडचण स्वतःच नेमकी सांगू शकते. याहून वेगळे काही दिसत असेल, तर ॲक्युपंक्चरचा विचार बाजूला ठेवून त्वरित ऑन्कॉलॉजिस्टला (कर्करोगतज्ज्ञाला) दाखवावे. स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरू शकतो, आणि हर-टू पॉझिटिव्ह तसेच ट्रिपल निगेटिव्ह प्रकारांत हा धोका अधिक असतो. ज्या महिलेला 'केमोमुळे होतं असं' म्हणून घरीच धीर दिला जातो, तिचे अनेक मौल्यवान आठवडे त्यात जाऊ शकतात.

थांबा आणि डॉक्टरांना गाठा: सकाळी उठताना वाढणारी डोकेदुखी, उलट्या, आकडी, एका बाजूच्या हातापायातील अशक्तपणा, दुहेरी दिसणे, चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे, स्वभावात झपाट्याने झालेला बदल, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, किंवा काही दिवसांतच वेगाने वाढलेला गोंधळ. अती तहान, बद्धकोष्ठता आणि गुंगी एकत्र असतील तर रक्तातील कॅल्शियम वाढल्याचीही शक्यता असते. हाडांत आजार पसरलेल्या रुग्णांत याकडे विशेष लक्ष द्यावे.

यापैकी काहीही नसले तरी ॲक्युपंक्चर घेण्याचा विचार आहे हे ऑन्कॉलॉजिस्टला सांगणे टाळू नये. डॉक्टर रागावतील या भीतीने ही गोष्ट लपवली जाते, आणि मग सुया टोचण्याच्या दिवशी प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) किती आहेत हे कोणालाच ठाऊक नसते.

## टप्पा २: दुरुस्त करता येणारी कारणे शोधणे

विस्मरणाचा दोष एकट्या केमोथेरपीवर टाकला की बाकीची कारणे तपासायची राहून जातात. यातली कित्येक कारणे साध्या रक्ततपासणीत सापडतात आणि साध्या औषधाने सुधारतात. हा टप्पा वगळून केलेले ॲक्युपंक्चर मी अपूर्ण उपचार मानतो.

रक्ततपासणीत हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्तगणना, टीएसएच (थायरॉईडची चाचणी), बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा), साखर, सोडियम, कॅल्शियम आणि यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या पुरेशा ठरतात. यांतील बऱ्याच चाचण्या पाठपुराव्यासाठी अलीकडेच झालेल्या असतात, म्हणून आधी जुनी फाइल पाहावी. शाकाहारी व्यक्तींमध्ये आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ ची कमतरता सहज आढळते, आणि तिच्यामुळे विस्मरणाबरोबरच हातापायांना मुंग्याही येतात. पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधामुळेही अशाच मुंग्या येत असल्याने ही कमतरता नजरेतून सुटते.

त्यानंतर घरातील सर्व औषधे एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवावीत. झोपेसाठी दिलेली क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम, मुंग्यांसाठीची गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलिन, लघवीच्या तक्रारीसाठी किंवा अंगातून येणाऱ्या गरम वाफांसाठी दिलेली ऑक्सिब्युटिनिन, आणि सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन ही सर्व औषधे विचार मंदावू शकतात. त्यांपैकी कोणतेही स्वतःहून बंद करू नये. क्लोनाझेपाम तर एकदम बंद केल्यास आकडी येण्याचाही धोका असतो. मात्र मात्रा कमी करता येईल का, वेळ बदलता येईल का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल यांसारख्या हार्मोनच्या गोळ्या आणि केमोथेरपीमुळे अकाली थांबलेली पाळी यांचाही स्मरणशक्तीवर परिणाम होतो असे अनेक महिला सांगतात. तरीही या गोळ्या परस्पर सोडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आजार परत येण्यापासून त्या संरक्षण देतात, आणि कोणत्याही सुईने ते संरक्षण मिळत नाही.

झोप आणि मनःस्थिती यांची तपासणीही याच टप्प्यात व्हावी. निद्रानाशाची तीव्रता मोजणारी प्रश्नावली आणि नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी भरायला दहा मिनिटेही लागत नाहीत. पीएचक्यू-९ मध्ये दहा किंवा अधिक गुण आले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडून पुढील तपासणी करून घ्यावी. नैराश्यात लक्ष लागत नाही आणि लक्ष न लागल्यामुळे गोष्टी स्मरणात राहत नाहीत, त्यामुळे बाहेरून दोन्ही तक्रारी सारख्याच दिसतात. औषध सुरू करायचे ठरल्यास टॅमॉक्सिफेन चालू असल्याचे आवर्जून सांगावे, कारण पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही औषधे टॅमॉक्सिफेनचे शरीरात सक्रिय रूपांतर होण्यात अडथळा आणतात.

पडताळणी: रक्ताचे अहवाल हातात आहेत का? औषधांची यादी डॉक्टरांनी नजरेखालून घातली आहे का? सापडलेल्या कमतरतेवर उपचार सुरू होऊन किमान काही आठवडे झाले आहेत का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तरच पुढे जावे.

## टप्पा ३: सुरुवातीची नोंद

बहुतेक रुग्ण हा टप्पा गाळतात, आणि नंतरच्या सगळ्या संभ्रमाचे मूळ त्यातच असते. उपचारापूर्वीची स्थिती लिहून ठेवलेली नसेल, तर आठ आठवड्यांनंतर 'बरं वाटतंय' किंवा 'काही फरक नाही' एवढेच म्हणता येते, आणि दोन्ही विधाने त्या दिवसाच्या मनःस्थितीवर अवलंबून असतात.

पहिली नोंद प्रशिक्षित व्यक्तीकडून करून घ्यावी. मॉन्ट्रियल चाचणी ३० गुणांची असून ती मराठीतही उपलब्ध आहे. साधारणतः २६ किंवा अधिक गुण सामान्य मानले जातात, आणि बारा वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण असलेल्यांना एक गुण वाढवून दिला जातो. या चाचणीची मर्यादा आधीच ओळखून असावे. ती स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या अवस्था ओळखण्यासाठी तयार झाली आहे, त्यामुळे केमोथेरपीनंतरची सौम्य अडचण तिच्यात अनेकदा दिसतच नाही. २८ गुण मिळाले म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. 'तुमची चाचणी तर नॉर्मल आहे' या वाक्याने अनेकींना उगाचच दुखावले जाते. जमल्यास न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूच्या कार्यक्षमतेची चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून) शब्दयादी शिकणे, आकडे व अक्षरे क्रमाने जोडणे, ठरावीक वेळेत शब्द सुचणे अशा सविस्तर चाचण्या करून घ्याव्यात. फॅक्ट-कॉग ही ३७ प्रश्नांची प्रश्नावली मागील सात दिवसांतील अनुभव विचारते. रुग्णालयात ती उपलब्ध असेल, तर तीही भरून घ्यावी.

इशारा: या चाचण्या इंटरनेटवरून उतरवून घरी सराव म्हणून सोडवू नयेत. एकदा प्रश्न पाठ झाले की पुढच्या वेळी गुण वाढतात, आणि ती वाढ उपचाराची नसून सरावाची असते. फेरतपासणीत मॉन्ट्रियल चाचणीची पर्यायी आवृत्ती वापरण्याची विनंती करावी.

दुसरी नोंद घरची आहे, आणि माझ्या मते ती अधिक उपयोगी ठरते. उपचारापूर्वी सलग दोन आठवडे एका वहीत रोजची नोंद ठेवावी. 'आज फार विसरले' असे न लिहिता प्रसंग लिहावा: मंगळवार, सकाळी ११, भाजीवाल्याला पैसे देताना हिशोब दोनदा चुकला, रात्री झोप चार तास, सांधे दुखत होते. अशा नोंदी साठत गेल्या की कोणत्या वेळी, कोणत्या कामात आणि कशाच्या जोडीने अडचण येते याचे चित्र तयार होते. एखादीचे सगळे प्रसंग अपुऱ्या झोपेनंतरच्या दिवशी सापडतात, आणि मग मूळ उपचार झोपेचा असल्याचे वहीच दाखवून देते.

त्यातून आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या तीन अडचणी निवडाव्यात. त्या मोजता येण्याजोग्या असाव्यात. उदाहरणार्थ, गोळ्या चुकण्याचे आठवड्यातील प्रसंग, कार्यालयातील एक अहवाल तपासायला लागणारा वेळ, किंवा यादी न पाहता दुकानातून आणलेल्या दहा वस्तूंपैकी विसरलेल्या वस्तू. प्रत्येक अडचणीला आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी आणि ठरावीक वेळी, शून्य ते दहा असे गुण द्यावेत. नवरा, मुलगी किंवा जवळची मैत्रीण यांच्यापैकी एकाने स्वतंत्रपणे गुण लिहावेत आणि ते रुग्णाला दाखवू नयेत.

झोपेची वेळ आणि रोजचे चालणे या आठवड्यांतच स्थिर करावे. केमोथेरपीनंतरच्या बौद्धिक अडचणींसाठी नियमित व्यायाम, झोपेचे वर्तनोपचार आणि बौद्धिक पुनर्वसन (लक्ष व स्मरण सुधारण्याचे प्रशिक्षण) हेच पहिले उपाय आहेत, आणि ॲक्युपंक्चर त्यांच्या जोडीला येते. निद्रानाशाबाबत तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १६० कर्करोगोत्तर व्यक्तींवरील अमेरिकी चाचणीत वर्तनोपचार ॲक्युपंक्चरपेक्षा सरस ठरले होते. ही घडी बसल्यावर मग सुया सुरू कराव्यात. सर्व गोष्टी एकाच आठवड्यात सुरू केल्या, तर गुण कशाला द्यायचा हे कळत नाही. त्याच कारणाने या काळात ब्राह्मीची गोळी, नवे झोपेचे औषध किंवा मोबाइलवरील स्मरणशक्तीचे खेळ नव्याने सुरू करू नयेत.

## टप्पा ४: चिकित्सक निवडणे

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम असून त्यानुसार स्थापन झालेली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद चिकित्सकांची नोंदणी करते. नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागण्यात संकोच करू नये. इतर राज्यांत किंवा परदेशात राहणाऱ्यांनी तेथील नियम पाहावेत. अमेरिकेत परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. बोटांनी दाब देणारे ॲक्युप्रेशर केंद्र आणि स्नायूंतील गाठींसाठी फिजिओथेरपिस्ट वापरत असलेले ड्राय नीडलिंग हे दोन्ही वेगळे उपचार आहेत, याची खात्री फोनवरच करून घ्यावी.

नोंदणी असली तरी कर्करोगाच्या रुग्णांचा अनुभव असेलच असे नाही. म्हणून पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारावेत. रक्तगणना किती असेल तर तुम्ही सुया टोचत नाही? काखेतील लसीका ग्रंथी काढलेल्या बाजूच्या हाताबाबत तुम्ही काय करता? आठ आठवड्यांत फरक न पडल्यास काय कराल? पहिल्या दोन प्रश्नांवर जो अडखळतो त्याच्याकडे उपचार घेऊ नयेत, आणि तिसऱ्या प्रश्नाला 'आणखी आठ आठवडे' असे उत्तर देणाऱ्याबाबतही पुन्हा विचार करावा.

स्वच्छतेबाबत तडजोड नको. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या आणि रुग्णासमोर पाकीट फोडून काढलेल्या असाव्यात, तसेच वापरलेल्या सुया, सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात टाकल्या जाव्यात. 'तुमच्या सुया तुमच्याच नावाने ठेवतो' ही पद्धत सुरक्षित नाही.

इशारा: चिनी वनौषधी, मधमाशीचे विष, रक्त काढणे, कप लावणे, कातडीखाली दिवसेंदिवस ठेवायच्या सुया किंवा धागा यांपैकी काहीही सोबत सुचवले गेल्यास नकार द्यावा. वनौषधींचा टॅमॉक्सिफेन व इतर औषधांशी संघर्ष होऊ शकतो, आणि इतर प्रकारांनी जंतुसंसर्ग व रक्तस्रावाचा धोका वाढतो.

## टप्पा ५: वेळ आणि कागदपत्रे

शक्यतो केमोथेरपी संपून रक्तगणना पूर्ववत झाल्यावर सुरुवात करावी. केमोथेरपी चालू असतानाच उपचार घ्यायचा झाल्यास प्रत्येक डोसनंतरचा साधारण सातवा ते चौदावा दिवस टाळावा, कारण पांढऱ्या पेशी व प्लेटलेट तेव्हा सर्वांत कमी असतात. वेगवेगळी केंद्रे वेगवेगळ्या मर्यादा पाळतात. प्लेटलेट ५०,००० पेक्षा कमी किंवा न्यूट्रोफिल (जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,००० पेक्षा कमी असल्यास सुया टोचू नयेत, हा सावध नियम घरी लक्षात ठेवण्यासारखा आहे. वॉरफेरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या चाचणीचा) ताजा अहवाल हवा. हार्मोनची गोळी नुकतीच बदलली असेल, तर शरीर स्थिरावेपर्यंत थांबावे.

ऑन्कॉलॉजिस्टकडून एक पानी पत्र घ्यावे. त्यात निदान, शस्त्रक्रियेची बाजू व तारीख, काखेतील ग्रंथी काढल्या आहेत का, केमोथेरपीतील औषधे व शेवटचा डोस, पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेले उपकरण) आहे का, हाडांत किंवा इतरत्र आजार पसरला आहे का, स्तनरोपण किंवा एक्सपांडर (रोपणासाठी जागा तयार करणारी फुगवता येणारी पिशवी) आहे का, पेसमेकर आहे का, पूर्वी आकडी आली होती का, सध्याची औषधे आणि ताजी रक्तगणना या गोष्टी असाव्यात. हे पत्र चिकित्सकाने वाचल्याशिवाय पहिली सुई लागू देऊ नये.

पडताळणी: पत्र, रक्तगणना, दोन आठवड्यांची वही आणि तीन अडचणींचे गुण हे सर्व एकाच फाइलमध्ये आहे का?

## टप्पा ६: पहिली बैठक

उपाशीपोटी जाऊ नये. दोन तास आधी पोळी-भाजी किंवा पोहे असे हलके खाणे झालेले असावे, पाणी प्यालेले असावे, आणि सोबत कोणीतरी असावे. बाह्या व पायजमा गुडघ्यापर्यंत सहज वर जातील असे सैल कपडे घालावेत. विग किंवा स्कार्फ काढावा लागणार असल्याने आडोशाची सोय आहे का हे आधीच विचारून घ्यावे. केस नुकतेच येऊ लागलेल्या महिलेसाठी ही बाब लहान नसते.

पहिली बैठक पाठीवर झोपूनच घ्यावी, कारण बसून सुया घेतल्यास चक्कर येण्याची शक्यता अधिक असते. या तक्रारीसाठी वापरले जाणारे मुख्य बिंदू डोक्यावर आणि पायांवर आहेत. दोन्ही कानांची टोके जोडणारी रेषा डोक्याच्या मध्यरेषेला जिथे छेदते तो बाईहुई. त्याच्या पुढे, मागे व दोन्ही बाजूंना असलेले सिशेनकाँगचे चार बिंदू. कपाळावरील केसांच्या रेषेच्या थोडा वर असलेला शेनटिंग. गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या बाजूचा झुसानली. आणि घोट्याच्या आतील हाड व टाचेची शीर यांच्यामधला ताईशी. मनगटावरील शेनमेन आणि नेइग्वान हे बिंदूही घेतले जातात, पण ते शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूच्याच हातावर घ्यावेत. हे वर्णन चिकित्सक काय करत आहे ते समजावे एवढ्यासाठी दिले आहे. घरी सुया टोचण्यासाठी मुळीच नाही.

सुई टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते, आणि नंतर त्या जागी जडपणा, ताण किंवा मंद ठणका जाणवतो. हे अपेक्षित आहे. विजेसारखी तीव्र कळ गेली, जळजळ झाली किंवा घाम येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच सांगावे. 'जितकं दुखेल तितका गुण' हा समज चुकीचा आहे. सुया साधारणतः २० ते ३० मिनिटे ठेवल्या जातात.

या जागी सुई नको: काखेतील ग्रंथी काढलेल्या बाजूचा हात, सुजलेला हात, पोर्टच्या आसपासची जागा, शस्त्रक्रियेचा किंवा रेडिएशनचा भाग, गाठ असलेली जागा, आणि हाडांत आजार पसरला असल्यास त्या हाडावरील भाग. छातीवर व पाठीच्या वरच्या भागावर खोल सुई गेल्यास फुफ्फुसाला इजा होऊ शकते, आणि स्मरणशक्तीच्या तक्रारीसाठी त्या जागांची गरजही नसते. गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल, तर आधी सांगावे.

पेसमेकर असलेल्या किंवा पूर्वी आकडी आलेल्या रुग्णाने सुयांना वीजप्रवाह जोडू देऊ नये. पॅक्लिटॅक्सेलमुळे तळपाय बधिर झाले असतील, तर शेक देणारा दिवा किंवा जळती मोक्सा (बिंदूंना शेक देण्यासाठी पेटवलेली वाळलेली वनस्पती) टाळावी, कारण कातडी भाजत असल्याचे रुग्णाला कळतच नाही.

बैठक संपताना सुयांची मोजणी करावी. किती लावल्या आणि किती काढल्या हे सोबतच्या व्यक्तीने मोजले तर उत्तम, कारण डोक्यावरील सुई केसांत राहून जाण्याचे प्रकार घडतात. डोक्याच्या त्वचेतून रक्त सहज येते, म्हणून सुई काढल्यावर त्या जागी कापूस थोडा वेळ दाबून धरावा. पहिल्या बैठकीनंतर गुंगी येऊ शकते. स्वतः स्कूटर किंवा गाडी चालवत घरी येऊ नये.

## टप्पा ७: आठ आठवडे

आठवड्यातून दोन बैठका, असे आठ आठवडे हे व्यवहार्य वेळापत्रक आहे; हाँगकाँगच्या चाचणीचा आराखडाही याच मुदतीचा होता. प्रवास फार असेल, तर आठवड्यातून एक बैठक नियमित घेणे हे दोन ठरवून अर्ध्या चुकवण्यापेक्षा बरे. संपूर्ण पॅकेजचे पैसे आधी भरू नयेत. चार आठवड्यांचेच ठरवावे.

वहीतील साप्ताहिक गुण चालूच ठेवावेत, पण आदल्या आठवड्याचे पान न पाहता नवे गुण द्यावेत. झोप, वेदना आणि थकवा यांचे वेगळे रकाने ठेवावेत. याचे कारण असे की काही महिलांमध्ये स्मरणशक्तीला होणारा लाभ आडवाटेने होत असावा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२६ महिलांवरील अमेरिकी चाचणीत लेट्रोझोलच्या वर्गातील गोळ्यांमुळे होणारी सांधेदुखी ॲक्युपंक्चरने कमी झाली होती. नाममात्र सुयांच्या तुलनेत तो फरक होता, पण लहान होता. सांधे कमी दुखले की रात्र बरी जाते, आणि पुरेशी झोप मिळालेल्या दिवशी लक्षही टिकते. वेगळे रकाने नसतील, तर हा संबंध कधीच लक्षात येत नाही.

बैठक रद्द करा: ताप, नवा संसर्ग, त्वचेवर पुरळ, अकारण काळेनिळे डाग, किंवा हिरड्यांतून रक्त. केमोथेरपी चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप आल्यास ॲक्युपंक्चरचा प्रश्नच उरत नाही. थेट रुग्णालयात जावे. बैठकीनंतर धाप लागली, छातीत दुखले किंवा सुईची जागा लाल होऊन सुजली, तरीही डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी एक छोटी पडताळणी करावी. त्रास वाढत असेल, बैठकांनी थकवा येत असेल किंवा दर वेळी डोकेदुखी होत असेल, तर तिथेच थांबावे. फरक न दिसणे हे मात्र चौथ्या आठवड्यात थांबण्याचे कारण नाही.

## टप्पा ८: मोजणी आणि निर्णय

आठ आठवडे संपल्यावर, शेवटच्या बैठकीच्या दिवशी नव्हे तर त्यानंतर आठवड्याभरात, सुरुवातीच्या चाचण्या त्याच व्यक्तीकडून, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, पर्यायी आवृत्ती वापरून पुन्हा करून घ्याव्यात. सकाळी केलेल्या चाचणीची तुलना दुपारी जेवणानंतर केलेल्या चाचणीशी करू नये. त्यानंतर तीन अडचणींचे पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन आठवड्यांतील गुण शेजारी मांडावेत, आणि घरच्या व्यक्तीने लिहिलेले गुण आता प्रथमच उघडावेत.

तिन्हींपैकी किमान दोन अडचणींत स्पष्ट फरक असेल, घरच्या व्यक्तीच्या नोंदीतही तो दिसत असेल आणि त्याच काळात दुसरे काही बदललेले नसेल, तर बैठका एकदम बंद न करता पंधरा दिवसांतून एक अशा आणखी दोन महिने घेता येतील. या काळातही गुण लिहीत राहावे. बैठका विरळ होऊनही सुधारणा टिकली, तर उपचार थांबवण्यास हरकत नाही. फक्त झोप किंवा वेदना सुधारली असेल आणि स्मरणशक्ती जैसे थे असेल, तर उपचार त्या तक्रारींसाठी चालू ठेवायचा की झोपेच्या वर्तनोपचारांकडे वळायचे, हे ऑन्कॉलॉजिस्टशी बोलून ठरवावे. कशातच फरक नसेल तर थांबावे, आणि बौद्धिक पुनर्वसनासाठी न्यूरोसायकॉलॉजिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जावे. तसे झाल्यास प्रयत्न अपुरा पडला असा दोष रुग्णाला देऊ नये, आणि चिकित्सकानेही तो देता कामा नये.

निकाल काहीही असो, दोन्ही वेळच्या चाचण्या, वहीतील गुणांचा एक पानी तक्ता, घेतलेल्या बैठकांची संख्या आणि झालेले दुष्परिणाम यांची प्रत ऑन्कॉलॉजिस्टच्या फाइलला जोडावी. सहा महिन्यांनी पुन्हा तक्रार वाढली, तर तुलना करण्यासाठी तोच कागद लागेल. आणि ती वाढ झपाट्याने झाली असेल, तर सुयांकडे न वळता टप्पा १ मधील लक्षणे पुन्हा तपासून त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा.